कालवडीच्या पोटातलं शिसं

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आताच वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. गोठ्यामागं पडलेली ट्रॅक्टरची फुटकी बॅटरी चाटणारी कालवड आता आंधळ्यासारखी गव्हाणीला डोकं लावून उभी राहते, दात खाते, हे वाचताच शिशाची विषबाधा डोळ्यांपुढं आली. पिसाळलेलं जनावरही असंच वागू शकतं, म्हणून निदान पक्कं होईपर्यंत कुणीही तिच्या तोंडात हात घालू नका.

डॉक्टरांनी कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए शिरेतून सुरू केलं, छान झालं. हे औषध कॅल्शियम सोडून शिसं धरतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं. पण बाटलीवरचं नाव तूही वाच. कॅल्शियम नसलेलं नुसतं डायसोडियम ईडीटीए गेलं, तर ते रक्तातलंच कॅल्शियम ओढून घेतं आणि जनावर हातचं जातं. रक्त तपासायच्या जांभळ्या टोपणाच्या नळीतही ईडीटीएच असतं. कॅल्शियम अडकल्यामुळंच त्यातलं रक्त गोठत नाही. डोस साधारण किलोमागं दिवसाला 110 मिलिग्रॅम, दोनदा विभागून 3 दिवस. मग 2 दिवस थांबून पुन्हा. मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून पाणी भरपूर पाज. जोडीला थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, द्यायचं का, तेही डॉक्टरांना विचार.

मला खरी काळजी पोटाची आहे. बॅटरीच्या पाट्यांचे तुकडे जड असतात, ते जाळीपोटात, म्हणजे गाईच्या पोटाच्या एका कप्प्यात, तळाशी बसतात आणि हळूहळू विरघळत राहतात. ते तिथंच ठेवून नुसती सलाईन लावणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं. मॅग्नेशियम सल्फेट पाजलं की शिशाचं न विरघळणारं सल्फेट होतं आणि ते शेणावाटे जातं. पोट उघडायची गरज आहे का, तेही स्पष्ट विचार. बारीक तुकडे मात्र ऑपरेशनमध्येही सगळे सापडत नाहीत.

ती वाचेलच असं लिहायला हात धजत नाही. पण झटके नाहीत म्हणतोस, त्यामुळं मला आशा आहे.

आणि दुसऱ्या गाई? त्याही तिथंच चरतात ना? शिसं हाडात साठतं, महिनोन्महिने रक्तात उतरतं आणि दुधातही येतं. गाय धडधाकट दिसली तरी सगळ्यांचं रक्त तपासून घे. अहवाल येईपर्यंत दूध डेअरीला घालू नकोस, पोरांना तर अजिबात देऊ नकोस. बॅटरी आणि तिच्याखालची माती आजच हलव. तुकडे गोळा करताना हातमोजे घाल.

अहवाल आला की रात्री-अपरात्रीसुद्धा फोन कर. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरविंद