कोयत्याची जखम खालून वर जात नाही

ठाणे, घोडबंदर रोड
रविवार रात्र

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं जमत नाही म्हणून लिहितोय. फोनवर आई म्हणते ‘बाबांना देते’, बाबा म्हणतात ‘आईशीच बोल’, आणि मोहोर कसा आलाय यावर फोन संपतो.

सूनबाईंनी तुमच्या कानावर घातलंय ते खरं आहे. मला आफ्रिकेत जाऊन रानरेडा मारायचा आहे. झिम्बाब्वेत, झांबेझीच्या खोऱ्यात. केप बफेलो म्हणतात त्याला. हे चोरून करायचं काम नाही. तिथे शिकारीला परवाना मिळतो, वर्षाला किती जनावरं मारायची याचा कोटा ठरलेला असतो, आणि परवानाधारक व्यावसायिक शिकारी सोबत लागतोच. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार थांबली, ते बरंच झालं. मी इथे सशावरही बंदूक धरणार नाही. केनियाने १९७७ मध्ये बंदी घातली. बोट्स्वानाने २०१४ मध्ये घातली आणि २०१९ मध्ये उठवली. म्हणजे ज्यांच्या दारात ही जनावरं आहेत त्यांचंही यावर एकमत नाही.

आई, तू विचारलंस, ‘त्या मुक्या जनावराने तुझं काय घोडं मारलंय?’ काही नाही. मांस तिथल्या गावात वाटलं जातं, शुल्कातला काही वाटा गावांना मिळतो, हे खरं आहे. पण मी गावांच्या कल्याणासाठी चाललोय असं म्हटलं तर तूच हसशील. वरळीच्या रेंजवर मी १२ वर्षं कागदाला भोकं पाडतोय. कागद अंगावर येत नाही. समोरचं अंगावर येऊ शकतं तेव्हा माझा हात स्थिर राहतो का, हे मला बघायचंय. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

आता तुमच्या सूनबाईंची बाजू. तुम्हाला वाटत असेल ती घाबरट आहे. येऊरचा बिबट्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर दिसला तेव्हा अख्खी बिल्डिंग दारं लावून बसली होती आणि ही बाल्कनीत चहा पीत होती. तिची भीती वेगळी आहे. ती दिवसभर विम्याचे क्लेम तपासते. मी तिला म्हटलं, बरोबरचा माणूस अनुभवी असतो. ती म्हणाली, ‘हे वाक्य माझ्या प्रत्येक दुसऱ्या फायलीत असतं.’ मी म्हटलं, घोडबंदरच्या खड्ड्यांत ट्रेलरच्या शेजारून रोज स्कूटर काढतो, तो धोका नाही का? त्यावर ती म्हणाली, ‘तिथे तू नाइलाजाने जातोस. इथे पैसे मोजून धोका विकत घेतोयस, आणि पैसे आपल्या गाडीचे आहेत.’ यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

मग मी तिला सगळं नीट समजावून सांगितलं. तिथेच चुकलो बहुतेक. पहाटे पाणवठ्यावर ताजा माग सापडला की त्यावरून चालायचं, कधी कधी दहा-पंधरा किलोमीटर. शिकाऱ्याच्या हातात राखेची पुरचुंडी असते. दर थोड्या वेळाने ती झटकून राख कुठे उडते ते बघायचं. वारा आपल्या पाठीकडून वाहायला लागला की सकाळ फुकट. कळपातून बाहेर पडलेले म्हातारे रेडे चिखलात लोळून राखाडी झालेले असतात, कपाळावर दोन्ही शिंगांची बुडं जुळून टणक ढाल झालेली. बंदूक मोठी लागते, बहुतेक जण .३७५ (म्हणजे नळीचा व्यास साधारण ०.३७५ इंच) किंवा त्याहून मोठी वापरतात. शंभर पावलांच्या आत जायचं, तिकाटण्यावर रायफल टेकवायची आणि खांद्याच्या खालच्या भागात गोळी घालायची. हृदयाला लागली तरी रेडा जागच्या जागी पडेलच असं नाही, तो पळतो. चुकून पोटात लागली तर गर्द झुडपात शिरतो आणि तिथे थांबून राहतो. मग आत जावंच लागतं. जखमी जनावर तसंच सोडून यायचं नाही, हा त्या धंद्याचा पहिला नियम.

ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘म्हणजे बाबांसारखं.’

बाबा, मला क्षणभर कळलंच नाही. गेल्या दिवाळीत तुम्हाला ताप होता आणि तिने तुमचे पाय चेपले, तेव्हा तिने तुमच्या मांडीवरचा वण पाहिला. आपण तिलाही तेच सांगितलं होतं, गवत कापताना कोयता लागला. ती म्हणाली, ‘कोयता वरून खाली येतो. ही जखम गुडघ्याच्या वरून सुरू होऊन वर चढलीय, आणि वर जाताना खोल होत गेलीय. हे सुळ्याचं काम आहे. तुमच्या घरात मला कोणी खरं सांगितलंच नाही. मग तू तिकडून फोन करून सगळं ठीक आहे म्हणालास, तर मी कशावरून मानू?’

मी आठ वर्षांचा होतो. १९८६, भात पिवळं पडायला लागलं होतं आणि डुकरं रोज रात्री खाचरात उतरत होती. आजोबांची बंदूक पिकाच्या राखणीच्या परवान्याची, पण डुक्कर मारायचा परवाना नव्हता, एवढं मला आता समजतं. मला आठवतं ते एवढंच: पडवीत कंदील, ओल्या कुत्र्याचा वास, आई जुनं लुगडं फाडतेय आणि फाडताना एकदाही वर बघत नाही. सकाळी तिने मला दप्तर दिलं आणि म्हणाली, ‘शाळेत विचारलं तर कोयता सांग.’ डॉक्टरांनाही कोयताच सांगितला. मग हळूहळू आपण सगळेच कोयता म्हणायला लागलो. मीही. लग्नानंतर बायकोलासुद्धा.

तर तिची एकच अट आहे. चिऊची दहावी होईपर्यंत जायचं नाही, ते मी आधीच कबूल केलंय. ही अट वेगळी. त्या रात्री काय झालं ते बाबांनी तिच्यासमोर सांगायचं. त्यानंतर ती हो म्हणेल असं तिने म्हटलेलं नाही. फक्त ‘मग बोलू’ म्हणाली.

मलाही ऐकायचंय. डुक्कर आधी जखमी झालं होतं का? तुम्ही त्याच्या मागे करवंदीत शिरलात, की ते अचानक समोर आलं? आजोबा ‘जाऊ नको’ म्हणाले होते का? गोळी कुणाची होती? तुम्ही आत गेलात ते नियम म्हणून, की माघारी फिरायची लाज वाटली म्हणून? माझं उत्तर मला यातूनच मिळेल असं वाटतं, आणि ते मला हवं तेच असेल असं नाही.

शनिवारी पहाटे चारला निघतो. पेणपर्यंत रस्ता कसा आहे देव जाणे. कशेडीचा बोगदा झाल्यापासून पुढचं तरी बरं पडतं. जेवायला पोचू. बाबांची बीपीची गोळी घेऊन येतोय, तिथल्या दुकानात तो ब्रँड मिळत नाही म्हणालात ती. चिऊला फणसाची सांदणं हवी आहेत. अजून फणस नाहीत हे मी तिला सांगितलं, पण आजीकडे असतात म्हणते.

आणि आई, दुपारी बाबा सांगायला बसले की तू ‘चहा टाकते’ म्हणून उठू नकोस. तूही तिथेच होतीस. चहा मी करतो.

तुमचा
बाळू