आणि मग, आणि मग

प्रिय सोनू,

काल फोनवर तू म्हणालीस की बावीस स्लाईड केल्या, दोन रात्री जागले आणि शेवटी साहेबांनी विचारलं, "मग नक्की प्रॉब्लेम काय आहे?" मी तेव्हा "होईल गं नीट" म्हटलं खरं, पण फोन ठेवल्यावर तेच डोक्यात घोळत राहिलं म्हणून लिहायला बसले, लांबलंय, सवडीने वाच.

तू मला ते प्रेझेंटेशन सांगत होतीस ना, तेव्हा मी मोजत होते. सर्व्हे केला आणि मग डेटा आला आणि मग तीन टीमशी बोललो आणि मग चार्ट काढले... मेहनत सगळी खरी, पण त्यात काही घडतच नव्हतं गं. "आणि मग"वाली चार वाक्यं गाळली तरी ऐकणाऱ्याचं काही अडत नाही, "पण" आणि "म्हणून" आलं की मात्र एक वाक्य पुढच्याचा हात धरतं.

चिऊकाऊची गोष्ट आठव. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं, एक दिवस मोठा पाऊस आला, म्हणून काऊचं घर वाहून गेलं, म्हणून तो चिऊच्या दाराशी आला. तीन वर्षांची होतीस, मी झोपेत एक ओळ गाळली तर मला मागे न्यायचीस! केन अ‍ॅडम्स म्हणून नाटकवाला आहे, त्याने १९९१ मध्ये असाच साचा मांडला: एकदा असं होतं, रोज असं चालायचं, पण एक दिवस हे झालं, त्यामुळे ते झालं, त्यामुळे अजून काहीतरी, आणि शेवटी असं झालं. बस एवढंच. ऑफिसात याहून जास्त काही लागत नाही असं माझं मत, हिरो घरातून निघतो, संकटं झेलून बदलून परत येतो, तो हिरो-बिरोचा प्रवास वगैरे सिनेमावाल्यांना लखलाभ.

आणि लक्षात राहतं म्हणजे किती, तर १९६९ मध्ये बॉवर आणि क्लार्क या दोघांनी स्टॅनफर्डला विद्यार्थ्यांना दहा-दहा शब्दांच्या बारा याद्या दिल्या, काहींना सांगितलं की शब्द गुंफून गोष्ट करा, बाकीच्यांनी नुसते पाठ केले. शेवटी सगळ्या याद्या विचारल्या तर गोष्टवाल्यांना ९३ टक्के शब्द आठवले, बाकीच्यांना १३.

आता माझी फजिती ऐक. मी स्टोअरला होते तेव्हा गोडाऊनचा पत्रा गळायचा. दर महिन्याच्या रिपोर्टात मी लिहायचे, पान चार, मुद्दा सात, "छताची दुरुस्ती प्रलंबित". आठ महिने लिहिलं, कोणी ढुंकून बघितलं नाही आणि मी घरी येऊन चिडचिड करायचे. मग एकदा मीटिंगमध्ये वैतागून म्हटलं, "आपल्या गोडाऊनमध्ये एक बादली आहे. रोज सकाळी वॉचमन ती रिकामी करतो. पण मंगळवारी त्याची सुट्टी होती, म्हणून बादली भरून वाहिली, म्हणून खालचे बारा बॉक्स भिजले, म्हणून आज ती पार्टी आपल्याला फोनवर ओरडतेय." अर्धा मिनिटसुद्धा नाही. पत्रा त्याच आठवड्यात बदलला, आणि नंतर कितीतरी दिवस लोक मला "बादलीवाल्या मॅडम" म्हणायचे ते वेगळंच.

माझे बॉक्सच भिजले, पण नासाच्या कोलंबिया अवकाशयानाचं बघ. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळी इंधनाच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच इंजिनिअरांनी त्यावर स्लाईड केल्या, त्यातल्या एका स्लाईडच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात होतं की फोम आदळल्यावर काय होतं याच्या आधीच्या चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा आणि हा अंदाजे १९२० घन इंचांचा. म्हणजे चाचणीवरून काही ठरवताच येत नव्हतं! "पण" होता गं त्यात, मुद्द्यांच्या ढिगाखाली दबला होता. १ फेब्रुवारीला यान परतताना तुटलं, कल्पना चावलासह सातही जण गेले. एका स्लाईडमुळे झालं असं नाही, कारणं पुष्कळ होती, पण चौकशी समितीने त्या स्लाईडचा मुद्दाम उल्लेख केलाय.

मात्र मसाला घालू नकोस. एकच तक्रार सांगून "सगळेच वैतागलेत" असं भासवलंस तर पहिला शहाणा माणूस विचारेल, असं किती वेळा होतं? तो आकडा खिशात हवा, तुझे चार्ट तिथेच कामाला येतील. आणि घाईचं मेल असेल तर गोष्ट नकोच, काय हवंय ते पहिल्या ओळीत लिहून मोकळी हो.

तुझ्या बावीस स्लाईडमध्ये बादली कुठली? मला वाटतं ती अकराव्या स्लाईडवरची बाई, जिला एका सहीसाठी तीनदा परत पाठवलं. तिचं तू फोनवर जाता जाता सांगितलंस, आणि मला आज तेवढंच आठवतंय. बुधवारच्या आधी तिच्यापासून सुरू करून एकदा मला म्हणून दाखव, रात्री उशीर झाला तरी चालेल, मी जागीच असते.

आई