चाचणी बंद करू दिली नाहीत म्हणून

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "राहू दे गं, चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत, लिहून.

मे २०२२ मध्ये, सोलापूरच्या उन्हात दुपारी दोनला तुमच्याकडे आले, तेव्हा माझं काम मला किरकोळ वाटत होतं. आमच्या लॅबमधल्या मशीनना इंटरनेट नाही. पावसाच्या नोंदींवर काम करायला मुलं जी छोटी पायथॉन लायब्ररी वापरतात, ती पेनड्राइव्हने फिरवावी लागे आणि दर वेळी एखादं मशीन अडायचंच. तिचं डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) पॅकेज झालं की लॅबच्या मिररवरून, म्हणजे डेबियनच्या पॅकेजांच्या लॅबमधल्या प्रतीवरून, 'एप्ट इन्स्टॉल' या एका आज्ञेत काम भागणार होतं. "दोन दिवसांत होईल ना, सर?" तुम्ही नुसते हसलात. आठ महिने लागले.

माझ्या लॅपटॉपवर बिल्ड (सोर्सपासून पॅकेज बांधणं) नीट व्हायचं, तुमच्या एसबिल्डमध्ये, म्हणजे दर वेळी कोऱ्या वातावरणात बांधणाऱ्या साधनात, पहिल्याच मिनिटाला पडलं. जीफोर्ट्रान हा फोर्ट्रान भाषेचा कंपायलर माझ्याकडे आधीपासून होता, म्हणून बिल्ड-डिपेंड्समध्ये, म्हणजे बांधायला काय काय लागतं त्या यादीत, लिहायचा राहून गेला होता. "घरचा माणूस पंगतीत मोजायचा राहिला," म्हणालात. मग सोर्सच्या पोटात लॅपॅक या गणिती लायब्ररीची जुनी प्रत सापडली. ती काढून डेबियनचंच लॅपॅक जोडायचं, म्हणजे दुरुस्ती एका जागी होते आणि ज्याला त्याऐवजी ओपनब्लास ही तशीच लायब्ररी हवी त्याला 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज' या आज्ञेने बदलता येतं. तुम्ही हे एका वाक्यात सांगितलंत. माझा अख्खा जून त्यात गेला.

कॉपीराइट फाइलवर मी किती कुरकुर केली! कोड चालतोय ना, मग प्रत्येक फाइलच्या डोक्यावरचा मजकूर कशाला वाचायचा? वाचला, तर एक सबरूटीन चक्क एका गाजलेल्या पाठ्यपुस्तकातून उतरवलेलं निघालं, आणि त्या पुस्तकातला कोड असा पुढे वाटायची परवानगी नाही. ती फाइल वगळून टारबॉल नव्याने बांधला, आवृत्तीला 'प्लस डीएफएसजी' (डीएफएसजी म्हणजे डेबियनचे मुक्त सॉफ्टवेअरचे निकष) अशी शेपटी लागली. मूळ लेखकाला कळवलं, तर त्यालाही पत्ता नव्हता. लायब्ररीच्या सुरुवातीच्या दिवसांत कुणीतरी दिलेली फाइल होती म्हणे.

पण खरे आभार आहेत ते आय-३८६ च्या, म्हणजे ३२ बिटांच्या जुन्या मशीनसाठीच्या बिल्डच्या, त्या चाचणीबद्दल.

एएमडी-६४ वर, म्हणजे नेहमीच्या ६४ बिटांच्या मशीनवर, सगळ्या चाचण्या पास. आय-३८६ च्या क्रूटमध्ये (बाकी सिस्टमपासून वेगळ्या ठेवलेल्या वातावरणात) एक चाचणी सुरू व्हायची आणि संपायचीच नाही. आजकाल ३२ बिटांचं मशीन वापरतंय कोण, असं म्हणून मी बिल्डच्या सूचना असलेल्या रूल्स फाइलमध्ये ती एवढ्यापुरती बंद करून टाकली. आमच्या घरी चादरीचे माग आहेत. तुटलेला धागा तसाच ठेवून माग सुरू करणाऱ्याकडे आप्पा जसे बघायचे, तसे तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "का अडकते ते कळू दे, मग खुशाल बंद कर." पुढे एक शब्द नाही. उत्तर तुम्हाला तेव्हाच माहीत होतं, अशी माझी शंका अजून आहे.

तीन आठवडे लागले, त्यात चार वेळा ऐन बिल्डमध्ये लाईट गेली. दोन लागोपाठची उत्तरं तंतोतंत सारखी झाली की थांबायचं, असं लूपमध्ये लिहिलं होतं. आय-३८६ वर हिशोब एक्स-८७ या प्रोसेसरमधल्या दशांश गणिताच्या जुन्या भागाच्या रजिस्टरमध्ये ८० बिटांत होतो. तेच उत्तर मेमरीत गेलं की ६४ बिटांवर छाटलं जातं. एक छाटलेलं, एक न छाटलेलं. ती दोन सारखी होणार कधी? तंतोतंत बरोबरीऐवजी 'फरक इतका लहान झाला की थांब' असं केलं आणि चाचणी क्षणात संपली. मुळात चूक आय-३८६ ची नव्हतीच, लायब्ररीची होती. पॅच मूळ लेखकाने घेतला. तो दिसल्यावर तुम्ही सही करून पॅकेज अपलोड केलंत, आणि चेंजलॉगमध्ये नाव माझं ठेवलंत.

जून २०२३ मध्ये डेबियन १२ निघालं, त्यात आपलं पॅकेज आहे. लॅबमधली मुलं ते अर्ध्या मिनिटात टाकतात आणि कुणालाच काही विशेष वाटत नाही. मी मात्र तिथे उगाच दोन मिनिटं रेंगाळते.

आता नवं दुखणं. पायथॉन ३.१२ मध्ये नम्पाय या गणिती लायब्ररीचं डिस्टयुटिल्स हे बिल्डचं साधन चालत नाही, आणि आपलं फोर्ट्रानचं बिल्ड नेमकं त्यावरच उभं आहे. मेसन या दुसऱ्या बिल्ड साधनावर न्यावं लागेल. अर्धं केलंय, पुढे अडलेय. गड्ड्याची (सिद्धेश्वर यात्रेची) गर्दी सुरू व्हायच्या आत एका रविवारी येते. शेंगाची चटणी आणते, काकूंना तेवढं सांगा.

आपली,
लॅबवाली