बांधाला बांध लागून असला म्हणून

खानापूर (जि. बेळगाव)

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या शेतालगतचे 18 गुंठे विकले गेल्याचे तुझ्या पत्रावरून कळले. बांधाला बांध लागून असल्यामुळे पहिला हक्क आपलाच, असे तू लिहितोस. आपल्या शिवारातली जुनी माणसेही तेच सांगतात. त्यांचे म्हणणे अगदीच हवेतले नव्हे. बेळगाव मुंबई प्रांतात होते तेव्हाच्या 1947 च्या तुकडेबंदी कायद्यानुसार, ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान, म्हणजे 'तुकडा', म्हणून नोटीस निघालेली जमीन विकायची झाल्यास ती लगतच्या मालकालाच विकावी लागे. ती आठवण अजून लोकांच्या बोलण्यात टिकून असावी.

परंतु दुसऱ्याने केलेली खरेदी केवळ शेजारी या नात्याने आपल्याकडे वळवून घेण्याचा हक्क, म्हणजे वकील ज्याला शुफा म्हणतात तो, सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये भाऊराम विरुद्ध बैजनाथ या खटल्यात घटनाबाह्य ठरवला. शेजाराचे निमित्त पुढे करून परजातीच्या, परधर्माच्या माणसाला बाहेर ठेवणे हाच अशा हक्काचा खरा हेतू असतो, असे न्यायालयाने तेव्हा म्हटले होते. तुझ्या पत्रात 'परका' हा शब्द तीनदा आला आहे, रागावू नकोस.

तुझ्या धाकट्या भावाच्या हिश्श्याची गोष्ट मात्र निराळी आहे. वडिलांच्या पश्चात तुम्हा भावंडांकडे वारसाने एकत्र आलेल्या जमिनीतला आपला हिस्सा तो विकू लागला, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 22 प्रमाणे तो आधी घेण्याचा हक्क तुम्हा इतरांना आहे, किमतीवर एकमत झाले नाही तर ती न्यायालय ठरवते, आणि हे कलम शेतजमिनीलाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. एकदा सरसनिरस वाटणी झाली, म्हणजे जमिनीचे प्रत्यक्ष वेगळे हिस्से पडले, की हा हक्क उरत नाही, म्हणून आताच त्याच्याशी बोल. आमच्या काकांनी हिस्सा विकला तो आम्हाला बांधावर जेसीबी उभा राहिल्यावर कळला. बाबा हातात उतारा घेऊन, एकाखाली एक लिहिलेल्या दोघा भावांच्या नावांवर नुसते बोट फिरवत राहिले.

त्या 18 गुंठ्यांतून जाणारी तुझी गाडीवाट मात्र सोडू नकोस. हक्काने, उघडपणे आणि विनाखंड 20 वर्षे वहिवाटलेली वाट जमीन विकली गेली तरी बुडत नाही. पण ती अडवली गेली तर दोन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. नवा मालक कुंपण घालण्यापूर्वी चाकोरीचे फोटो काढून ठेव आणि त्या वाटेने भाताची पोती वाहणाऱ्या म्हाताऱ्या गड्यांना विचारून ठेव. मंगळवारी मी तहसील कचेरीत जाणार आहे, सर्व्हे नंबर कळव म्हणजे उतारा काढून आणतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू