रात्रपाळीला शटरचं कुलूप कोण बघणार?

मा. संपादक,

मे 2025 मध्ये सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण गेले, त्यात तिथंच राहणारं मालकाचं कुटुंब पण होतं. पण आमच्या पूर्व भागात गल्लीबोळात आजही तेच चाललंय, खाली माग, पोटमाळ्यावर सुताचे कोन आणि टॉवेलचे गठ्ठे, वरती संसार, सगळ्याला मिळून एकच जिना आणि त्याच्या पायऱ्यांवर पण बाचकी रचलेली. खिडक्यांना पक्क्या जाळ्या. रात्रपाळीत माल जाऊ नये म्हणून शटर ओढून कुलूप लावतात आणि किल्ली एकाच्याच खिशात, तो माणूस पोटमाळ्यावर झोपला असेल तर बाकीच्यांनी काय करायचं?

नॅशनल बिल्डिंग कोड 2016 च्या चौथ्या भागात साफ लिहिलंय, बाहेर पडायचा दरवाजा कमीत कमी एक मीटर रुंद पाहिजे, बाहेरच्या बाजूला उघडला पाहिजे आणि आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आला पाहिजे. पण हा कोड बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा), म्हणजे शिफारस, राज्याने आपल्या नियमात घेतलं तेवढंच बंधनकारक. डिसेंबर 2020 पासून आलेली एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, महापालिका हद्दीत चालते, एमआयडीसीच्या आत एमआयडीसीच नियोजन प्राधिकरण आणि तिची नियमावली वेगळी. शिवाय नकाशा मंजूर करताना नियम बघतात, चाळीस वर्षं जुन्या कारखान्याचा नकाशा आता कोण काढून बघतंय! त्यासाठी 2006 चा राज्याचा आग प्रतिबंधक कायदा आहे, जानेवारी आणि जुलैला परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, घेऊन द्यायचा, पण फायरचे सिलिंडर भरून कागद दिला की झालं असं बरेच जण धरून चालतात, जिन्यावरची बाचकी तिथंच राहतात.

माझी विनंती आहे की महापालिका आणि एमआयडीसीने मिळून तपासणी करावी आणि ती रात्री करावी, दिवसा शटर उघडंच असतं त्यामुळे दिवसा येऊन काही कळणार नाही. छोट्या कारखानदाराकडं पैसा नाही हे खरंय, मंदीत माग भंगारात निघालेत, म्हणून जिथं माणसं राहतात तिथं बाहेरून साधा लोखंडी जिना टाकायला परवानगी द्या, फी माफ करा. मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, जिना टाकला की अतिक्रमणाची नोटीस येईल ही भीती मालकांना आहे, ती भीती आयुक्तांनी लेखी देऊन काढावी आणि जानेवारीच्या फॉर्म बी च्या आधी काढावी.

एक वाचक,
पूर्व भाग, सोलापूर