बडोद्याची फिरती पेटी आणि तिसरा वाटेकरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सार्वजनिक ग्रंथालयांच्या थकलेल्या अनुदानाचा विषय निघाला की 'सयाजीरावांसारखा राजा हवा' हे वाक्य कुणाच्या तरी तोंडी येतेच. ते खोटे नाही. पण त्या एका वाक्यापाशी चर्चा थांबते आणि १९१० ते १९२० या दशकात बडोदे संस्थानात नेमके काय घडले, ते पाहायचे राहून जाते. तिथे दानशूरपणापेक्षा हिशेब जास्त होता, आणि तो हिशेब आजही मांडता येण्याजोगा आहे.

बडोद्याने १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्यातून लगेच एक अडचण उभी राहिली. शाळा सुटलेल्या मुलाच्या घरात छापील कागद नसेल, तर चार-पाच वर्षांत त्याला आलेले वाचन पुसले जाते आणि शाळेवर केलेला खर्च वाया जातो. म्हणजे गावात पुस्तक पोचवणे हा शाळेच्या खर्चाचाच पुढचा हप्ता होता.

त्यासाठी १९१० मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बोलावले. ते १९१३ मध्ये परत गेले. जेमतेम तीन वर्षांत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले, वर्गीकरणाची पद्धत बसवली आणि ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग काढला. महाराजांनी राजवाड्यातली स्वतःची सुमारे २०,००० पुस्तके या ग्रंथालयाला दिली. बॉर्डन यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी काम सांभाळले. १९१२ पासून निघणाऱ्या 'लायब्ररी मिसलेनी' या नियतकालिकात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी विभागही होता. ग्रंथालयशास्त्रावर मराठीतून इतक्या लवकर लिहिले जात होते, हे आपल्याकडच्या प्रशिक्षणवर्गांत क्वचितच सांगितले जाते.

परंतु शहरातले ग्रंथालय हा या कामाचा सोपा भाग होता. खरी कसोटी खेड्यांची होती, आणि तो विभाग मोतीभाई अमीन या शिक्षकाकडे आला. त्यांनी त्याआधीच गुजरातच्या चरोतर भागात मित्रमंडळांची वाचनालये सुरू केली होती.

खेड्यासाठीचे सूत्र असे. गावाने वर्षाला १०० रुपयांपर्यंत वर्गणी जमवायची. तेवढीच रक्कम प्रांताच्या पंचायतीने (जिल्हा पातळीवरच्या स्थानिक संस्थेने) घालायची आणि तेवढीच सरकारने. गावाचे १०० म्हणजे वाचनालयाचे ३००. मोठ्या गावाला ही मर्यादा ३०० रुपये होती आणि प्रांताच्या मुख्य ठिकाणी ७००. इमारतीलाही हाच तिसऱ्या वाट्याचा नियम. यातली गोम अशी की गावाने ६० जमवले तर सरकारचेही ६०च. वर्गणी घटली की पुढच्या दोन्ही रकमा आपोआप घटतात. त्यामुळे वर्गणी गोळा करण्यात सगळ्या गावाचा जीव अडकलेला असे. आणि पंचायतीचेही पैसे गुंतलेले असल्यामुळे वाचनालयाला कुलूप लागले तर सरकारशिवाय विचारणारा आणखी एक असे.

या सूत्राची उणीवही उघड आहे. ज्या गावाला दहा रुपये जमवणे जड, त्याच्या वाट्याला तीस रुपयेच येणार. ही फट भरायला फिरती पेटी होती. लाकडी पेटीत साधारण १५ ते ३० पुस्तके घालून ती मध्यवर्ती ग्रंथालयातून निघे, गावात तीन महिन्यांपर्यंत राही आणि परत येई. नेण्या-आणण्याचा खर्च ग्रंथालय खात्याचा. बडोदे संस्थान सलग नव्हते. अमरेली एकीकडे, नवसारी दुसरीकडे, मध्ये परका मुलूख. पेट्या रेल्वेने जात. जिथे वाचनालय नव्हते तिथे पेटी हीच सोय होती, आणि जिथे होते तिथे त्याच त्या कपाटाला कंटाळलेल्या वाचकाला नवे काही मिळे. वाचता न येणाऱ्यांसाठी जादूच्या कंदिलाने पडद्यावर दाखवलेली स्थिर चित्रे आणि सिनेमा दाखवणारी वेगळी शाखाही होती. ग्रंथालय खात्याने तेव्हा सिनेमा दाखवणे हे आजच्या काही सोवळ्या मंडळींना पचणार नाही, पण ते झाले.

आता महाराष्ट्राकडे येऊ. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालय कायदा केला होता. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा, अंमल १ मे १९६८ पासून. मद्रासने १९४८ च्या कायद्यात घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसवला. आपण उपकर टाळला आणि शासनाने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत, असे ठरवले. गावोगावी वर्गणीवर चालणारी वाचनालये होतीच. त्यांना मान्यता देऊन अ (सर्वांत मोठी), ब, क, ड (सर्वांत लहान) अशा वर्गांनुसार अनुदान देणे हा मार्ग त्या वेळी शहाणपणाचा होता. पण त्यात तिसरा वाटेकरी, म्हणजे स्थानिक संस्था, गळाला. ग्रामपंचायतीने दिले तर दिले, नाही तर नाही. उरले दोनच, संस्था आणि शासन. म्हणून शासनाचा हप्ता लांबला की ग्रंथपालाचा पगार त्याच महिन्यात अडतो.

पेटी तर जवळजवळ विसरलीच. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमात ग्रंथपेट्या फिरतात, पण त्या देणग्यांवर. अनुदानित ग्रंथालयांच्या साखळीत त्यांना जागा नाही. याचे कारण अनास्था एवढेच नाही. 'ड' वर्गाच्या वाचनालयाची पुस्तके त्याच्या दाखल नोंदवहीत (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकवार नोंद) असतात आणि तपासणीला कपाटातली संख्या नोंदवहीशी जुळावी लागते. तीस पुस्तके शेजारच्या गावाला दिली आणि त्यातली दोन हरवली, तर ती कुणाच्या नावावर? ग्रंथपाल भीतीने पुस्तक दारातून बाहेर जाऊ देत नाही, आणि ते चूक म्हणता येत नाही.

म्हणून पेटीतल्या पुस्तकांची दाखल नोंद गावात नको, ती तालुक्याच्या 'अ' वर्ग ग्रंथालयात हवी. पाच गावांची एक फेरी धरावी. प्रत्येक गावी दोन महिने म्हटले तर पाच पेट्या दहा महिन्यांत सगळीकडे फिरतात आणि उरलेले दोन महिने मोजणी व बांधणी-दुरुस्तीला मिळतात. ३० पुस्तकांप्रमाणे ही फक्त १५० पुस्तके. पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवावी, दुसरी प्रत देणाऱ्याकडे, तिसरीवर घेणाऱ्याची सही. कोश आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके पेटीत घालू नयेत. ती एका वाचकाकडे अडकतात आणि पेटी अर्धी रिकामी फिरते. कादंबऱ्या, चरित्रे, शेतीची आणि बालवाचकांची पुस्तके चालतात. हरवणे, फाटणे धरून दर फेरीला काही प्रती निर्लेखित करण्याची (नोंदवहीतून वजा करण्याची) मुभा लेखी द्यावी. आणि वार्षिक अहवालाच्या नमुन्यात दोन रकाने वाढवावेत: वर्षात आलेल्या पेट्या, आणि ग्रामपंचायतीने दिलेली रक्कम.

आपले,
सार्वजनिक ग्रंथालयांत काम करणारे काही ग्रंथपाल