ते वाक्य माझं आहे

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

रिपोर्ट बघितला. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ५.९. साडेसहाला मधुमेह म्हणतात, म्हणजे अजून वेशीवर आहेस. फोनवर तू हसत म्हणालास, "बाबा, आपल्या घराण्यातच आहे, होणारच होतं." मी गप्प बसलो, कारण ते वाक्य तुझं नाही, माझं आहे. तेच ऐकत तू मोठा झालास.

आमच्या लहानपणी सकाळी स्टोव्हवर छोट्या पातेल्यात अण्णांची इन्सुलिनची काचेची सिरिंज उकळायची. पातेल्याच्या कडेला ती टकटक आपटायची, त्या आवाजानेच मला जाग यायची. ही आपल्याही कपाळी आहे, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं. मग श्रीखंडाची तिसरी वाटी का सोडायची? ४२ व्या वर्षी शुगर निघाली तेव्हा धक्का बसला नाही. उलट, 'बघा, म्हणत होतो ना' असं वाटलं. लाज वाटते आता.

तुझा काकाही अण्णांचाच मुलगा. दिवसभर बँकेत खुर्चीवर, पण पहाटेची वेताळ टेकडी चुकवली नाही. त्याला ६१ व्या वर्षी निघाली. निघालीच! पण माझ्याहून १९ वर्षं उशिरा.

दोन भावांवरून शास्त्र ठरत नाही, कबूल. पण चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांचा २००६ चा अभ्यास आहे. साखर वेशीवर आलेल्या भारतीयांपैकी, नेहमीचा सल्ला देऊन सोडलेल्या शंभरांतल्या ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. चालणं-खाणं बदलायला लावलेल्यांत ३९ जणांना. ३९ जणांना झालाच, हेही बघ. मी तुला फसवत नाहीये.

आणि "मी कुठे जाडा आहे" हे बोलू नकोस. आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. अंगातली चरबी मात्र साहेबाची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! दोघांचा फोटो या आकड्यांसकट २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. तुझी पँट सैल होते म्हणून आतलं सगळं ठीक असेलच असं नाही.

गणपतीला येताना बूट आण, चपला नकोत. काकाला सांगून ठेवलंय, साडेपाचला तो खाली उभा असेल. मीही येईन, पण पहिल्या चढापर्यंतच. पुढे गुडघा ऐकत नाही.

तुझा,
बाबा